खोका उतरला, मामी राहिल्या

"उघड! अरे उघड दार! सदीक, यल्ला, दार उघड! आत माझी बायको हाय!"

इटलीच्या समुद्रकाठच्या एका एवढ्याशा गावात, अर्ध्या बोगद्यात आणि अर्ध्या उन्हात असलेल्या प्लॅटफॉर्मवर माझ्या बायकोचे मामू सुटलेल्या आगगाडीच्या बरोबरीने धावत होते. धावता धावता बंद दारावर तळहात आपटत होते आणि अर्धं अरबीत, अर्धं रत्नागिरीच्या भाषेत ओरडत होते. दाराच्या काचेपलीकडे आमच्या मामी उभ्या होत्या. त्या ओरडत नव्हत्या. त्या मामूंकडे बघतही नव्हत्या. त्या बघत होत्या मामूंच्या पाठीमागे, प्लॅटफॉर्मवर सुखरूप उतरवून ठेवलेल्या, निळ्या नायलॉनच्या दोरीने चहूबाजूंनी आवळलेल्या पुठ्ठ्याच्या भल्यामोठ्या खोक्याकडे. मग बोगद्याने गाडी गिळली, मामींना गिळलं, आणि प्लॅटफॉर्मवर उरलो आम्ही चौघं: मी, माझी बायको रुबीना, मामू आणि खोका.

सगळी माणसं मातीपासून घडवली आहेत यावर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त आमच्या मामूंच्या वेळेला माती संपली असावी आणि त्यांना पुठ्ठ्यापासून घडवलं असावं. मामू राहतात जेद्दाच्या बाहेर, जिथे शहर संपून नुसत्या क्रेन उभ्या असतात तिथल्या एका कंपनीच्या कॅम्पात. धंद्याने डक्टचे फोरमन, म्हणजे मोठमोठ्या इमारतींतून थंड हवा फिरवणारे पत्र्याचे बोगदे बांधणाऱ्या टोळीचे मुकादम. मक्केतल्या कितीतरी हॉटेलांत यात्रेकरू गारेगार झोपतात ती आपलीच मेहरबानी, असं मामू सांगतात. त्यातल्या एका हॉटेलात सगळी हवा लिफ्टमध्येच जमा होते आणि लोक उशी घेऊन लिफ्टमध्ये झोपतात, ते कामही मामूंचंच, हे मी सांगतो. पण कॅम्पात मामूंना जो मान आहे तो डक्टमुळे नाही. तो खोक्यामुळे आहे. सुट्टीवर निघणारा माणूस तिकीट काढण्याच्या आधी मामूंकडे येतो. मामू त्याला घेऊन कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात जातात, मागे रचलेले रिकामे खोके एकेक करून पुढ्यात घेतात आणि डॉक्टर छाती ठोकून बघतो तसे बोटांच्या पेरांनी ठोकून बघतात. "दुधाच्या पावडरीचा खोका म्हंजे खानदानी," मामूंचं मत. "केळ्याचा मजबूत, पण त्याला भोकं. कस्टमवाल्याला आतलं दिसतं, नि दिसलं की तो मागतो." त्यांचे आजोबा गलबतावर तांडेल होते. आजोबा वादळात शिडाला मारायचे ती गाठ मामू दुधाच्या पावडरीला मारतात. मुंबईच्या विमानतळावर एका कस्टमवाल्याने एकदा हट्टाने मामूंच्या खोक्याची दोरी सोडायला घेतली. त्याची ड्यूटी संपली, दुसरा आला, त्याने सोडायला घेतली, त्याच्या घरून जेवणाचा फोन आला, तिसरा आला. शेवटी तिघांनी मिळून खोका ट्रॉलीवर चढवून दिला आणि मामूंना दारापर्यंत सोडायला आले, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मामूच म्हणतात.

आता या खोक्यात मामूंचं स्वतःचं सामान असतं असा कुणाचा समज झाला असेल, तर त्याने आखातात एक दिवसही काढलेला नाही. आपल्याकडचा माणूस गावी निघाला की कॅम्पातला प्रत्येक जण एकेक पुडकं घेऊन येतो. हे माझ्या आईला, हे मेहुण्याला, हे अमक्याच्या पोरीच्या साखरपुड्याला. नाही म्हणायचं नसतं. मामूंना तर 'नाही' हा शब्द तोंडातच बसत नाही, खोटे दात बसत नाहीत तसा. त्यामुळे मामू सुट्टीवर घरी पोचले की दुसऱ्या दिवशी सकाळपासून पंचक्रोशी अंगणात. कुणाचा बाम, कुणाचं अत्तर, कुणाचं हुफूफच्या खजुरांचं पाकीट, आणि ते जाड, वाघाच्या चित्राचं ब्लँकेट, जे कोकणच्या हवेत पांघरलं तर माणूस शिजून निघेल. आलेल्या प्रत्येकाला चहा. दोन महिन्यांची सुट्टी अशीच चहाच्या भांड्यात उकळून जायची आणि मामू परत जेद्दाला. मामींनी लग्न झाल्यापासून हा माणूस पाहिला तो एवढाच: दारात खोक्याची दोरी सोडत बसलेला.

यंदा मात्र मामूंच्या इकाम्याची, म्हणजे सौदीत राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली, आणि कंपनीने विचारलं, इकामा वाढवायचा की खुरूज, म्हणजे कायमचं घरी जायचं? मामूंच्या मनात घरी जायचं होतं. गुडघे कुरकुरायला लागले होते आणि पत्र्याच्या बोगद्यात सरपटायला आता पोटही आड येत होतं. पण मामींनी रुबीनाला फोनवर जे सांगितलं, ते ऐकून आमच्या घरातला चहा निवला.

"गो, ह्या माणसाला मी सुट्टीपुरताच ओळखते. पाहुणा म्हणून चांगला हाय. पण बारा महिने घरात ठेवायचा तर आधी बघून घ्यायला नको?"

"म्हणजे काय करायचं, मामी?"

"कुठंतरी घेऊन चला आम्हा दोघांना. जिथं आपलं कोण म्हणजे कोण नसंल. नि सामान नको. खोका दिसला तर मी आल्या पावली परत. आठवडाभर नुसता माणूस बघते नि मग सांगते. जमलं तर येऊ दे घरी. नायतर इकामा वाढवू दे, हायत तिथं बरे हायत."

माझ्या पोटात गुपित टिकत नाही. आम्हीही जेद्दातच राहतो; शुक्रवारी मामू आमच्याकडे जेवायला आले तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. मामू आधी हसले. मग बराच वेळ विचार करून म्हणाले, "जावई, वजन किती अलाउड हाय?"

जिथे आपलं कोणी नाही असं ठिकाण शोधायचं काम आमच्या मुलीकडे दिलं, कारण तिला मराठीत काहीही विचारलं तरी ती इंग्रजीत बरोबर उत्तर देते. पण ते काम वाटलं तितकं सोपं निघालं नाही. लंडन म्हटलं तर तिथे अर्धा तालुका. केपटाउनला आजोबांच्या पिढीपासून आपली दुकानं. दुबई-बहारीनचं नावच नको. इस्तंबूल काढलं, तर मामींच्या चुलत जावेचा भाचा तिथे केस लावून घ्यायला गेलेला. शेवटी मुलीने इटलीचा तो किनारा काढला. डोंगराच्या कपारीत, समुद्रावर लोंबकळणारी पाच गावं. गाडी जाते बोगद्यांतून, नाहीतर डोंगरावरची पायवाट. "नोबडी फ्रॉम रत्नागिरी, गॅरंटीड," मुलगी म्हणाली आणि परीक्षा असल्यामुळे आत्याकडे राहायला गेली. सुटली.

मामी मुंबईहून येणार, आम्ही तिघं जेद्दाहून. मिलानच्या विमानतळावर भेट. मामी आमच्या आधी उतरल्या होत्या. हातात एक लहानशी पिशवी, अंगावर नवी ओढणी. आम्ही सामानाच्या पट्ट्यापाशी उभे. मामू माझ्या पाठीमागे लपल्यासारखे. मी म्हटलं, मामू, तुमची बॅग कुठली? तेवढ्यात रबराच्या पडद्याआडून वधूसारखा सावकाश, निळ्या दोऱ्यांत नटलेला तो बाहेर आला. इटलीसाठीसुद्धा कॅम्पातल्या माणसांनी पुडकी दिली होती, 'तिकडे कुणी आपलं भेटलंच तर' म्हणून! आणि खोक्यावर, इतक्या वर्षांची सवय, मार्करने ठळक लिहिलं होतं मामूंचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा रत्नागिरी. तिथला एक कर्मचारी तो पत्ता वाचून कपाळाला आठ्या घालून खोका परत आत ढकलायच्या बेतात होता. चुकून इथे उतरला, पुढे मुंबईला पाठवायला हवा, अशी त्या बिचाऱ्याची प्रामाणिक समजूत. मामूंनी झडप घालून तो सोडवला आणि बाहेर आणला. बाहेर मामी उभ्या.

"हा कोण?" मामींनी खोक्याकडे बोट दाखवून विचारलं.

"सामान हाय थोडं."

"कुणासाठी?"

"कुणी भेटलं तर."

"मी भेटले की," मामी म्हणाल्या.

मामू खाली वाकून खोक्याच्या गाठी तपासू लागले. मामी आल्या पावली परत गेल्या नाहीत, कारण परतीचं विमान आठवड्यानंतरचं होतं. एवढंच काय ते मामूंचं नशीब.

पुढचे दोन दिवस आम्ही ला स्पेत्सिया नावाच्या बंदरात राहून गाडीने एकेक गाव पाहिलं, आणि मामूंच्या अंगात किती प्रकारची माणसं वस्तीला आहेत ते मामींनीही पाहिलं. पहिला माणूस, विमानतळवाला. मामूंनी आयुष्यात प्रवास म्हणून विमानाचाच केलेला, त्यामुळे ते आम्हाला स्टेशनवर विमानाच्या हिशोबाने नेऊन बसवायचे. गाडी यायची, जायची, पुन्हा यायची. मामू म्हणायचे, "ही आपली नाय. आपली अजून लागली नाय." पुढच्या गावापर्यंतचा प्रवास म्हणजे शिंक येते येते म्हणेपर्यंत संपणारा, पण मामू आधी खिडकीची जागा धरायचे, मग पट्टा शोधायचे. बोगदा, बोगदा, मध्येच विजेसारखा समुद्र, पुन्हा बोगदा. "हे बघायला आपण कोकण रेल्वे सोडून आलो?" मामूंनी विचारलं. मामी खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांनी कोकण रेल्वेतून मामूंबरोबर कधी प्रवासच केला नव्हता, तुलना करणार कशाशी?

दुसरा माणूस फोरमन. समुद्राच्या पाण्यावर उभी असलेली ती गुलाबी, पिवळी, केशरी घरं बघायला जगभरातली माणसं येतात आणि तोंडाचा आ करून उभी राहतात. मामूही तोंडाचा आ करून उभे राहायचे, पण एसीचं बाहेरचं युनिट बघून. "बघा, बघा जावई! ब्रॅकेट वाकडं. पाणी भिंतीवर सोडलंय. कोण हाय ह्यांचा फोरमन?" एका चर्चच्या कमानीखाली मामी हळूच मामूंच्या जवळ सरकून उभ्या राहिल्या, रुबीनाने फोटो काढला. फोटोत मामी कॅमेऱ्याकडे बघतायत आणि मामू छताकडे, डक्ट कुठून नेता आला असता ते.

तिसरा माणूस अरब. परदेशी माणूस दिसला की त्याच्याशी अरबीतच बोलायचं असतं यावर मामूंची श्रद्धा आहे. मी तीन महिने फोनवर इटालियन शिकून गेलो होतो. माझ्या पहिल्याच वाक्यावर हॉटेलवाल्याने मला काळजीने पाणी आणून दिलं. मामूंनी नुसतं स्वयंपाकघराच्या दिशेने "या सदीक!" म्हणजे 'अरे दोस्ता!' अशी हाक मारली आणि आतून एक इजिप्शियन आचारी हात पुसत, हसत बाहेर. दोघांनी गळाभेट घेतली. आम्हाला समुद्राकडची जागा मिळाली होती. मामूंच्या वशिल्याने ती बदलून आतली, भट्टीशेजारची मिळाली, कारण तिथे बसून सदीकशी बोलता येत होतं. मामी ओढणीने वारा घेत होत्या. समुद्र भिंतीपलीकडे होता.

आणि चौथा माणूस कफील. सौदीत ज्याच्या नावावर आपण राहतो आणि ज्याच्या कपाटात पूर्वी आपला पासपोर्ट राहायचा, तो मालक. आयुष्यभर दुसऱ्याच्या कपाटात पासपोर्ट ठेवलेल्या मामूंनी इटलीत पाय ठेवताच आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले आणि शर्टाच्या आतल्या खिशात घातले. वर मामींचा फोनही काढून घेतला, "चोर फार हायत" म्हणून. मामींनी एकदाच विचारलं, "अवो, तुम्ही माझे नवरे की कफील?" मामूंना वाटलं, कौतुक केलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही मुक्काम हलवला. व्हेर्नाझ्झा नावाच्या गावात दोन खोल्या घेतल्या होत्या, म्हणून सगळं सामान बरोबर. गाडी थांबली, पण आमचा डबा बोगद्यातच राहिला. बाहेर काळोख बघून मामू म्हणाले, "स्टेशन नाय आलं." मी आणि रुबीनाने ओरडून सांगितलं, आलंय, उतरा, आणि आम्ही उतरलो. मामी दाराशी आल्या. मामूंनी त्यांना हाताने मागे सारलं, "थांब, थांब, आधी सामान," आणि खोका दारात आडवा घातला. खोका अडकला. मामू बाहेर उडी मारून तो ओढू लागले. खोका उतरला. दार लागलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

स्टेशनावरच्या बाईंना रुबीनाने खाणाखुणांनी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, काळजी नको, पुढचं गाव हेच शेवटचं, तिथे त्या उतरतील. तुम्ही पुढच्या गाडीने जा. पुढची गाडी कधी? बाईंनी खांदे उडवले. नुकताच संप सुरू झाला होता. केव्हा संपेल? बाईंनी आणखी वर खांदे उडवले. मामींकडे फोन नाही, पासपोर्ट नाही, इटालियन नाही. होता तो फक्त राग, आणि तोही कुणावर काढायचा ती व्यक्ती इथे. मामू पांढरेफटक पडले. मग त्यांनी खांद्यावरचा लाल चौकड्यांचा रुमाल काढला, त्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि खोक्यापुढे बसून म्हणाले, "जावई, हात लावा. डोंगरानं जाऊ."

मी म्हटलं, "मामू, खोका राहू दे ना इथे. रुबीना आहे सामानाजवळ."

"रागावलेल्या बायकोकडं रिकाम्या हातानं जायचं?" मामूंनी मला असं विचारलं, की जणू मीच काही असंस्कृत बोललो होतो.

त्या पायवाटेला तिकीट आहे. "चालायचं तिकीट?" मामू तिथेही फोरमन झाले असते, पण वेळ नव्हता. मग सुरू झाल्या पायऱ्या. द्राक्षांचे मळे डोंगराला शिडीसारखे टेकवून ठेवलेले, दगडी बांध, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी वाट, आणि खाली, फार खाली, निळा समुद्र. समोरून येणाऱ्या माणसांच्या दोन्ही हातांत काठ्या, पाठीवर नळीने पाणी पाजणाऱ्या पिशव्या, पायांत चंद्रावर जायचे बूट. आणि इकडून मामू: पायांत चपला, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर खोका, खोक्यावर जिल्हा रत्नागिरी. माणसं वाटेच्या कडेला सरकून आदराने उभी राहायची. त्यांना हा इथला काहीतरी जुना, जपून ठेवलेला रिवाज वाटला असावा. एका जाडजूड जोडप्याने फोटो काढले, तिसऱ्या एकाने टोपी काढली. मामू प्रत्येकाला "सलाम आलेकुम" म्हणायचे आणि मान हलवता येत नसल्यामुळे नुसते डोळे मिटायचे.

डोंगराच्या माथ्यावर त्यांचा श्वास संपला. खोका खाली ठेवून त्यावरच बसले. मी वाट बघत होतो की आता डक्टवर काहीतरी येईल. पण मामू समुद्राकडे बघत होते, इटलीत आल्यापासून पहिल्यांदाच.

"जावई," ते म्हणाले, "एका सुट्टीला माझा खोका मुंबईला पोचलाच नाय. दुसऱ्या विमानात गेला म्हणाले. मी एकटाच गावी गेलो. जीप अंगणात आली, पोरं धावत आली सगळी. माझीपण होती त्यांत. मागं जाऊन जीपमधी डोकावली, नि आत जाऊन सांगितलं, 'कोण नाय आलं.'"

मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली.

"आणि मामी?"

"ती दारात आली. म्हणाली, 'बरं झालं.'" मामूंनी रुमालाने मान पुसली. "मी समजलो, रागानं म्हणाली. दुसऱ्याच दिवशी मुंबईला गेलो खोका आणायला."

उतार चढापेक्षा वाईट होता. पायऱ्या गुडघ्याएवढ्या. एका वळणावर मामूंचा पाय घसरला, मी त्यांना धरलं, ते मला धरायच्या ऐवजी खोक्याला धरायला गेले आणि त्या गडबडीत खोका दोघांच्याही हातून सुटला. पहिल्या बांधावर तो नुसता आपटला; आजोबांची गाठ शाबूत. दुसऱ्या बांधावर कोपरा फुटला. तिसऱ्यावर पुठ्ठ्याने जीव सोडला. दोरी मात्र शेवटपर्यंत सुटली नाही, रिकाम्या दोरीचा पिंजरा टुणटुणत समुद्राकडे गेला. खजुरांचा पाऊस, बामच्या डब्यांची शर्यत, आणि सगळ्यांवर सावकाश उतरलं ते वाघाचं ब्लँकेट, द्राक्षांच्या वेलांवर, असं की खालून चढत येणाऱ्या एका बाईने किंकाळी फोडली. मला वाटलं, आता मामू मागोमाग उडी घेणार. मी त्यांचा शर्ट घट्ट पकडला.

मामूंनी पाहिलं. "खलास," म्हणाले, आणि चालू लागले. मागे वळून त्यांनी पाहिलंच नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण थांबले नाहीत, हे खरं.

शेवटच्या गावात स्टेशनसमोरच किनारा आहे. मामी एका बाकावर चपला काढून, पाय लांब पसरून बसल्या होत्या. हातात लिंबाचं आइस्क्रीम. चेहऱ्यावर असं समाधान, की मला वाटलं, आपण आणखी दोन तास उशिरा आलो असतो तरी चाललं असतं. मामू धापा टाकत पुढे जाऊन उभे राहिले. हात कुठे ठेवायचे ते त्यांना समजेना. आधी मागे बांधले, मग पुढे, मग खिशात.

"खोका कुठाय?" मामींनी विचारलं.

"पडला. डोंगरावरनं."

"लागलं काय?"

"मला? नाय, नाय. थोडं खरचटलंय फक्त."

"खोक्याला विचारते मी."

मामू बाकाच्या अगदी टोकाला बसले. थोड्या वेळाने त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून मामींचा पासपोर्ट आणि फोन काढला आणि कुणी न सांगता त्यांच्या मांडीवर ठेवला. मामींनी पासपोर्ट उघडून आपलाच फोटो निरखून पाहिला. मग ओढणी नीट करायची म्हणून आइस्क्रीम मामूंच्या हातात दिलं. मामूंनी ते वेल्डिंगचा ताजा जोड धरावा तसं धरलं. ते वितळून मनगटापर्यंत ओघळलं तरी त्यांनी चाटलं नाही. खा असं कुणी सांगितलं नव्हतं. मी जरा लांब जाऊन उभा राहिलो. कान तिकडेच होते. मग मामूंनी समोरच्या हॉटेलच्या भिंतीकडे बोट केलं आणि म्हणाले, "ते युनिट बघ, वाकडं..." आणि मामींनी त्यांचं बोट धरून समुद्राकडे वळवलं.

यानंतर मामू सुधारले असं सांगून मला तुमची फसवणूक करायची नाही. संध्याकाळी संप मिटला आणि आम्ही व्हेर्नाझ्झाला परतलो; दुसऱ्याच सकाळी ते तिथल्या किराणा दुकानामागे एक रिकामा खोका पेरांनी ठोकून बघताना सापडले. "नुसतं बघत होतो. माल चांगला हाय ह्यांचा," म्हणाले. सापडले ते मामींनाच. मामींनी तो खोका परत जागेवर ठेवला, आणि आठवडा संपल्यावर मिलानच्या विमानतळावरून मुंबईकडे वळतानाही निकाल सांगितला नाही. मामूंनी हात हलवला. त्यांनीही हलवला, पण तो निरोपाचा की माशी हाकलायचा हे मला सांगता येणार नाही.

जेद्दाला परतल्यावर कॅम्पातल्यांनी विचारलं, पुडकी पोचली का? "सगळी पोचली," मामू म्हणाले, आणि एका अर्थी ते खरंच होतं. कंपनीतून रोज विचारणा, इकामा की खुरूज? मामू रोज म्हणायचे, "बुकरा," उद्या. संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसायचे आणि रुबीनाकडे बघायचे. फोन लाव असं तोंडाने म्हणायचे नाहीत. शेवटी एका शुक्रवारी जेवण झाल्यावर रुबीनाने फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मामूंना एकदम आमच्या एसीचा आवाज खराब वाटायला लागला. ते शिडी लावून चढले आणि छातीपर्यंत छताच्या चौकोनात शिरले. बाहेर नुसते पाय.

"मामी," रुबीना म्हणाली, "मग काय सांगू मामूंना? इकामा वाढवू दे, की येऊ दे?"

तिकडे कुठेतरी कावळा ओरडत होता. पलीकडच्या अंगणात कुणीतरी बादली आपटली. छतातला स्क्रू-ड्रायव्हरचा आवाज थांबला होता आणि शिडीवरचे पाय चवड्यांवर आले होते.

"येऊ दे," मामी म्हणाल्या. "येताना एक छत्री घेऊन या म्हणावं. घरात एकच हाय."